कुरकुर ऐकणारी कमिटी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, २ राजे १२:४-१५, २ करिंथ ८:१६-२१



वार्षिक सभेची नोटीस मंडळीच्या फलकावर लागली की एक गोष्ट नेहमी दिसते. एरवी मागच्या बाकावर बसून आशीर्वादाच्या आधीच निघून जाणारी माणसेही त्या रविवारी शेवटपर्यंत थांबतात. जुने पंच उतरतात, नवे निवडले जातात. कोणी चिटणीस होतो, कोणी खजिनदार. शब्बाथ शाळेची कमिटीही नव्याने नेमली जाते. पाळकसाहेब सर्वांना पुढे बोलावून प्रार्थना करतात, आणि आपण घरी जातो. मग वर्षभर आपण काय करतो? बहुधा कमिटीला नावे ठेवतो.

आम्हीही ती ठेवली आहेत. पुढे स्वतः कमिटीत बसल्यावर ती ऐकूनही घेतली आहेत. म्हणून या वेळी मननासाठी हाच विषय घेतो : मंडळीची कमिटी चांगली कशाने होते? कोणी म्हणेल, हा काही धर्मोपदेशाचा विषय नव्हे; हा कचेरीचा विषय झाला. परंतु पवित्र शास्त्र तसे मानीत नाही. पवित्र आत्म्याचे दान होऊन फार काळ लोटला नव्हता, तोच यरुशलेमेच्या मंडळीत एक तंटा उभा राहिला. तो त्रैक्याविषयी नव्हता, बाप्तिस्म्याविषयीही नव्हता. तो रोजच्या अन्नाच्या वाटपाविषयी होता. लूकने तो झाकून ठेवला नाही. प्रार्थना, चमत्कार आणि छळ यांच्याच रांगेत त्याने वाटपाची ही तक्रारही लिहून ठेवली.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चांगल्या कमिटीतील प्रत्येक जण आपण कारभारी आहोत, मालक नव्हे, हे ओळखून वागतो. मालकाला कोणी जाब विचारीत नाही. कारभाऱ्याला विचारतात, आणि विचारले म्हणून तो रागावत नाही. कारभारी विश्वासू दिसून आला पाहिजे, अशी पौलाची अपेक्षा आहे (१ करिंथ ४:२). ‘दिसून आला पाहिजे’ याकडे लक्ष द्या. मनातल्या मनात विश्वासू असून भागत नाही.

कुरकुर कोणाची होती?

यरुशलेमेत दोन प्रकारचे यहूदी विश्वासी होते. काही तिथलेच, इब्री. त्यांची बोली अरामी. काही दूरदेशी वाढलेले, ग्रीक बोलणारे. अशा ग्रीक बोलणाऱ्यांतील विधवा त्या शहरात एकाकी असत, कारण त्यांचे माहेर-सासर दूर राहिले होते. रोजच्या वाटपात नेमक्या त्याच सुटून जाऊ लागल्या. कोणी मुद्दाम त्यांना वगळले, असे लूक म्हणत नाही. मुद्दाम करावे लागतही नाही. जो आपल्या ओळखीचा, ज्याचे बोलणे आपल्याला कळते, तो आपल्याला आधी दिसतो. ज्याचे बोलणे कळत नाही तो रांगेत उभा असूनही दिसत नाही.

बेळगावच्या किंवा हैदराबादच्या, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या वाचकांना ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही. एकाच शहरात, कुठे कुठे तर एकाच मंदिरात, मराठीबरोबर कानडी, तेलुगू, हिंदी किंवा गुजराती उपासना चालते. सकाळची सोयीची वेळ कोणाला? नोटीस कोणत्या भाषेत? नाताळच्या कार्यक्रमात कोणाची गीते किती? एखादी म्हातारी आजी दानार्पणाच्या वेळी शेजारणीला हळूच विचारते, “काय सांगितलं गं आता?” अशा ठिकाणी आपण मराठी माणसे ग्रीक बोलणाऱ्यांच्या जागी असतो, आणि कमिटीने आपली कुरकुर ऐकावी असे आपल्याला वाटते. वाटणे योग्यच आहे.

पण प्रियांनो, दुसऱ्या ठिकाणी आपणच इब्री असतो. आपल्या स्वतःच्या मराठी मंडळीत कोण सुटून जाते? नोकरीसाठी नव्याने आलेले कुटुंब, ज्याचा येथे कोणी नातलग नाही. वस्तीतली ती बाई, जी रविवारीही कामाला जाते. मराठी बोलणारी परंतु वाचू न शकणारी आपली मुले, ज्यांच्या हाती आपण उपासना संगीत देतो आणि ती का गात नाहीत म्हणून रागावतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात मागे गप्प बसणारे मूल बहुधा यांपैकीच एक असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. यरुशलेमेतील ती कुरकुर स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायाची होती. आपल्या कमिटीच्या टेबलाशी किती बहिणी बसतात, आणि बसल्या तर चहा-फराळाच्या विषयाखेरीज त्यांना कोणी काही विचारते काय?

आता प्रेषितांनी काय केले ते पाहू. कोण बोलले, कोणी फूस लावली, असा शोध त्यांनी केला नाही. आम्ही प्रभूबरोबर तीन वर्षे चाललो, आम्हाला कोण विचारणार, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले. वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था पाहणे आम्हाला उचित नाही, हे मोकळेपणाने सांगितले. वाटपाचे काम त्यांनी हलके मानले नाही. एकाच माणसाने दोन्ही कामे केली तर दोन्ही बिघडतात, हे त्यांना कळले. मग माणसे कशी असावीत ते सांगितले : ज्यांच्याविषयी लोक चांगले बोलतात, जे आत्म्याने व ज्ञानाने भरलेले आहेत, अशी सात. निवड मात्र त्यांनी लोकांवर सोपविली.

निवडलेल्यांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नावे त्या काळी इतर यहूद्यांतही असत. बारा प्रेषितांतही एक फिलिप्प होता. म्हणून नावावरून सर्व काही सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. तरी सातांतील एकही नाव इब्री नसावे, आणि शेवटचा तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नसलेला मनुष्य असावा, यात मंडळीच्या मनाचा कल दिसतो. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. आपण असतो तर काय केले असते? फार तर सातांत एक जागा दिली असती, आणि तेवढ्याबद्दल आपल्या उदारपणाची नोंद इतिवृत्तात केली असती.

या निवडीनंतरचे वचन, म्हणजे सातवे, आपण बहुधा वाचायचे सोडतो. देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, शिष्यांची संख्या फार वाढली, आणि याजकांपैकीही पुष्कळ जण विश्वासात आले. वाटप नीट झाले आणि सुवार्ता पुढे गेली, हे लूकने लागोपाठ लिहिले आहे.

झाकणाला भोक पाडलेली पेटी

आता जुन्या करारातील एका कमिटीकडे वळू. योवाश राजाने मंदिराची मोडतोड दुरुस्त करण्याचे ठरविले. याजकांनी आपापल्या ओळखीच्यांकडून पैसे घ्यावेत आणि जिथे मोडले असेल तिथे दुरुस्त करावे, असे सांगितले. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी दुरुस्ती झाली नव्हती. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच काम नव्हे, हे तेव्हाही खरे होते. याजकांनी पैसे खाल्ले, असे शास्त्र म्हणत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे दोष रचनेत होता. जो गोळा करी तोच ठेवी, आणि जो ठेवी तोच खर्च करी. किती आले आणि किती गेले, हे पाहणारा दुसरा डोळा नव्हता.

तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले, आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला, सर्वांना दिसेल अशी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून येत, पैसे मोजीत, पिशव्यांत बांधीत आणि कामावरील मुकादमांच्या हाती देत. मुकादम ते सुतार, गवंडी आणि पाथरवट यांना देत. एक राजाकडचा, एक मंदिराकडचा, मोजणी दोघांची.

याच अध्यायाच्या पंधराव्या वचनाचा आधार घेऊन काही जण म्हणतात, “देवाच्या कामात हिशेब कसला मागता? त्या लोकांकडून तर हिशेबही घेत नसत.” होय, कामगारांना पैसे देणाऱ्या त्या मुकादमांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. परंतु त्यांच्या हाती जाण्याआधी ती रक्कम दोघांनी मोजलेली होती, हे त्याच उताऱ्यात आहे. विश्वास होता, आणि तो मोजणीच्या पायावर उभा होता. पाया काढून घेऊन घर तेवढे ठेवता येत नाही.

एक गोष्ट, जी सांगणे भाग आहे

येथे आम्हाला आमच्याच आयुष्यातील एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती लिहिताना लाज वाटते, पण न लिहिली तर वरचे सारे कोरडे ठरेल.

पंधरा-सोळा वर्षांमागे आम्ही एका लहान मंडळीच्या कमिटीचे चिटणीस होतो. खजिनदार होते एक निवृत्त शिक्षक. सारे त्यांना मास्तर म्हणत. दानाची पेटी ते एकटेच उघडीत, एकटेच मोजीत, पैसे घरी नेऊन कपाटात ठेवीत आणि सवडीने बँकेत भरीत. हिशेब तपासायला कोणी नेमलेले नव्हते. ‘मास्तरांवर अविश्वास कसा दाखवायचा?’ असे आम्ही म्हणत असू. खरे पाहता तो आमचा विश्वास नव्हता, आळस होता. आळसाला आम्ही विश्वास हे नाव दिले होते.

एका वार्षिक सभेत एका गृहस्थाने उठून विचारले की सुगीच्या सणाच्या लिलावाचे साडेचार हजार रुपये जमेत का दिसत नाहीत. मास्तर उभे राहिले. वही चाळू लागले. त्यांचा हात थरथरत होता. ते म्हणाले, “त्या पैशांचे पत्रे आणले. पावसाळ्यात. पाळकसाहेबांच्या घरावर घालायला.” पत्रे तर घरावर होतेच, पण ते कोणा पाहुण्याच्या देणगीतून आले असा लोकांचा समज होता. “पावती?” पावती सापडेना. “ठराव?” सर्वांनी चिटणीसाकडे, म्हणजे आमच्याकडे, पाहिले.

इतिवृत्तात ठराव नव्हता. त्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना सुटल्यावर दाराशी उभ्या उभ्या आम्ही चौघा जणांनीच मास्तरांना सांगितले होते, “तुम्ही आणून टाका पत्रे, मग बघू.” हे आम्हाला त्या क्षणी स्पष्ट आठवत होते. पण सभा तापली होती, आवाज चढले होते. आम्ही उठलो नाही. उरलेले तिघेही उठले नाहीत. मास्तरांनी वही टेबलावर ठेवली, वहीवर किल्ल्या ठेवल्या आणि ते बाहेर गेले. त्यानंतर ते उपासनेला आले नाहीत.

दोन वर्षांनी रंगकामासाठी कपाट हलवले, तेव्हा त्याच्या मागे पडलेल्या उपासना संगीताच्या जुन्या प्रतीत दुकानाची पावती मिळाली. रक्कम साडेचार हजारांहून थोडी अधिकच होती. वरचे पैसे मास्तरांनी आपल्या पेन्शनमधून घातले होते.

आम्ही पावती घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनी चहा आणला. मास्तरांनी चष्मा लावून पावती वाचली आणि घडी घालून परत दिली. आम्ही म्हणालो, “मास्तर, आम्हाला क्षमा करा. आज कळलं.” ते शांतपणे म्हणाले, “पावती आज सापडली, बाळ. पण पत्रे आणायला सांगितलं होतं, ते तर तुला त्या दिवशीही ठाऊक होतं ना?”

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढच्या सभेत आम्ही उभे राहून सारे सांगितले आणि ते इतिवृत्तात लिहिले. मास्तर त्यानंतरच्या प्रभुभोजनाला आले, आणि शेवटपर्यंत येत राहिले. आता ते प्रभूजवळ आहेत. परंतु त्यांचा मुलगा, जो शब्बाथ शाळेत शिकवीत असे, तो त्या पहिल्या सभेनंतर मंदिराची पायरी चढला नाही. अजून चढलेला नाही. साडेचार हजारांचा हिशेब लागला. या मुलाचा हिशेब प्रभूने आमच्याकडे मागितला तर आम्ही काय द्यावे?

प्रियांनो, मास्तरांनी पैसे खाल्ले नव्हते. आम्हा चौघांपैकीही कोणी खाल्ले नव्हते. तरी एका प्रामाणिक माणसाचे नाव गेले आणि एक तरुण मंडळीला अंतरला. दोघांनी मोजले असते, एक ओळ लिहिली असती, किंवा निदान एकाने खरे सांगायला तोंड उघडले असते, तर हे टळते. हिशेबाची शिस्त चोर पकडण्यासाठी असते असे आपण समजतो. त्याहून अधिक ती प्रामाणिक माणसाला सांभाळण्यासाठी असते.

पौलाने हे ओळखले होते. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा झाली, तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठविला, आणखी एका पारखलेल्या बंधूलाही पाठविले, आणि कारणही उघड लिहिले : या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये, केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य, त्याची आम्ही काळजी घेतो. जो मंडळ्या स्थापन करीत फिरला, ज्याने फटके खाल्ले, तो प्रेषित म्हणतो की मला साक्षीदार द्या. मग आपल्याला त्यात अपमान का वाटावा?

वाद होऊ द्यावा, पण शेवट लिहून करावा

कोणी विचारील, चांगल्या कमिटीत वाद होत नाहीत काय? होतात. कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेच्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला, असे शास्त्र सांगते. पण त्या सभेची रीत पाहा. आधी सर्वांना बोलू दिले. मग पेत्राने आपला अनुभव सांगितला. मग सारे गप्प राहिले आणि बर्णबा व पौल यांचे ऐकले. याकोब, ज्याचा शब्द तेथे वजनदार होता, तो शेवटी बोलला. जिथे अध्यक्ष पहिल्यांदा आपले मत सांगतो, तिथे बाकीचे मान डोलवायला उरतात. शेवटी निर्णय पत्रात लिहिला, आणि यहूदा बर्सब्बा व सीला यांना तो तोंडीही सांगण्यासाठी पाठविले. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. सभेत सारे गप्प, आणि वाद होतो तो बाहेर, मोटारसायकलींपाशी.

आधी स्पष्ट बोलून घेतले नाही तर थोरामोठ्यांतही दुरावा येतो. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे कबूल केले होते. येथे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार होते. सदनात मुलींच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. रमाबाईंना यात वचनभंग दिसला नाही, सल्लागारांना दिसला. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ मुलींना पालकांनी परत नेले. कोण बरोबर होते हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. विधवांना शिक्षण मिळावे ही तळमळ दोन्हीकडे होती. पण ठरले ते एक, आणि त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा, असे असले तर चांगली माणसेही एका टेबलाशी टिकत नाहीत.

आता आपण काय करावे?

नव्या पंचांना आणि शब्बाथ शाळेच्या कमिटीला आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो.

एक, सभेचे विषय आठवडाभर आधी सर्वांच्या हाती द्यावेत. ऐन वेळी काढलेला विषय बहुधा कोणाला तरी चुकविण्यासाठी काढलेला असतो.

दोन, कोणते काम कोणी, किती खर्चात आणि कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, हे त्याच सभेत लिहावे आणि उठण्याआधी वाचून दाखवावे. दाराशी उभ्या उभ्या ठराव करू नयेत. यात काय होते ते आम्ही वर सांगितले आहे.

तीन, दान दोघांनी मोजावे, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. मोजून सह्या कराव्यात. पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत जावेत. आता पुष्कळ जण मोबाईलवरून दान देतात. ते मंडळीच्या खात्यातच यावे, कोणाच्या खाजगी खात्यात नव्हे, मग तो मनुष्य कितीही भला असो.

चार, हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि सर्व मंडळीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी महाराष्ट्रात व गुजरातेत १९५० चा, तर मध्य प्रदेशात १९५१ चा कायदा आहे. हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे हे तो विश्वस्तांचे कर्तव्य मानतो. सरकार जे मागते त्याहून कमी देवाच्या घरात असू नये.

पाच, आपल्या भावाच्या नोकरीचा, मेहुण्याच्या ठेक्याचा किंवा स्वतःच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा विषय आला, तर आपण होऊन सांगावे आणि तो विषय संपेपर्यंत बाहेर बसावे. यात लाज नाही.

सहा, किती वर्षे पंच राहावयाचे याची मर्यादा असावी, आणि जाताना आपले काम एका तरुणाला शिकवून जावे. आपल्यावाचून काम अडते याचा आपल्याला अभिमान वाटतो. वास्तविक आपण कोणाला तयार केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सात, प्रत्येक सभेत एक प्रश्न नेमाने विचारावा : या महिन्यात आपल्या मंडळीत कोण सुटून गेले? कोणाच्या घरी कोणी गेले नाही? या प्रश्नाला पाच मिनिटे द्यावीत, आणि ती छप्पर, रंग आणि लाऊडस्पीकर यांच्या आधी द्यावीत.

आणि प्रार्थना? सभेच्या आरंभी व शेवटी आपण ती करतोच. परंतु कृत्ये ६ मध्ये त्या सातांवर हात ठेवून प्रार्थना झाली, ती काम कोणते आणि कोणासाठी हे ठरल्यावर. प्रार्थनेने कामाची अस्पष्टता झाकू नये. स्पष्ट झालेले काम प्रार्थनेत प्रभूच्या हाती द्यावे.

जे कमिटीत नाहीत त्यांनाही एक शब्द. पंच हे तुमच्यासारखेच, संध्याकाळी थकून घरी येणारे लोक आहेत. सभेची रात्र ते आपल्या मुलांच्या वेळेतून देतात. प्रश्न अवश्य विचारा. तो त्यांच्या तोंडावर आणि सभेत विचारा. आणि एखाद्यावर खोटा आळ येताना पाहाल, तर बसून राहू नका. आम्ही बसून राहिलो होतो.

प्रभू येशूने बारा जणांची मंडळी चालविली. त्यांच्यात पहिला कोण यावर वाद झाला, पैशाची थैली सांभाळणारा घसरला, संकटाच्या रात्री सारे पळाले. तरी त्याने त्यांचे पाय धुतले आणि त्याच लोकांच्या हाती आपले काम दिले. त्याने आपल्याला काम दिले आहे ते आपण मोठे आहोत म्हणून नव्हे, तो कृपाळू आहे म्हणून. हिशेब त्यालाच द्यावयाचा आहे.

आपण प्रार्थना करू : हे प्रभू, आमच्या मंडळ्यांच्या पंचांना आणि शिक्षकांना ऐकणारे कान दे. ज्यांची कुरकुर आमच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव. आमच्या वह्या आणि आमची मने उघडी ठेव. खरे सांगण्याची वेळ येईल तेव्हा आम्हाला उभे राहण्याचे धैर्य दे. आणि जे आमच्या चुकीमुळे तुझ्या घरापासून दूर गेले, त्यांना तू स्वतः हाताला धरून परत आण. आमेन.